हरेश्वरच्या घरचं जेवण

पत्ता विचारत फिरतात ती माणसं बाहेरगावची, असं शरच्चंद्र कर्णिकांचं ठाम मत होतं. त्यामुळे कचेरीतल्या हरेश्वरने रविवारी मढला जेवायला बोलावलं, तेव्हा घर नेमकं कुठं हे त्यांनी विचारलंच नाही. बायकोने, क्षमाने, निदान आळी तरी विचारून ठेवा म्हटलं. कर्णिक म्हणाले, माझा जन्म अंधेरीत गेला, खाडीपलीकडचं एक घर मला सापडणार नाही?

हरेश्वर विमा कचेरीत त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसे. दुपारी दोघांचे डबे एकत्र उघडत. त्याची बायको मथुरा बोंबील असे करायची की वरच्या मजल्यावरचे साहेबसुद्धा काही ना काही काम काढून खाली यायचे. कर्णिकांनी मथुराला कधी पाहिलं नव्हतं; ओळख होती ती फक्त तिच्या हाताच्या चवीशी.

पांढरा लेंगा-झब्बा, क्षमाच्या केसात अबोलीची वेणी, हातात पेढ्यांचा पुडा, अशा थाटात दोघं वर्सोव्याहून होडीने पलीकडे उतरली. धक्क्याजवळ एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. कर्णिकांनी हरेश्वरचं घर विचारताच त्याने जाळं बाजूला ठेवलं, त्यांच्या पांढऱ्या कपड्यांकडे एकवार पाहिलं आणि काही न बोलता पुढे चालू लागला. माणसं किती अगत्याची, असं क्षमा कुजबुजली.

वळणावर रडण्याचा आवाज आला. अंगणात बायकाच बायका बसल्या होत्या. म्हातारा हळूच म्हणाला, "हरेश्वरला नेला मघाशीच. तुमाला जरा उशीर झाला."

कर्णिक अंगणाच्या तोंडाशीच थबकले. कालच्या दुपारी ज्याने आपल्या डब्यात वाटीभर कालवण ओतलं, तो माणूस गेला? क्षमाने झटक्यात वेणी काढून पर्समध्ये कोंबली आणि पेढ्यांचा पुडा पदराखाली लपवला.

ओटीवर बसलेल्या विधवेजवळ कर्णिक गेले आणि त्यांचा बांध फुटला. आपण हरेश्वरचे दोस्त, असं सांगून ते बोलत सुटले. असा माणूस होणे नाही. कामावर कधी उशीर नाही, कोणाला उणा शब्द नाही, दारूला तर आयुष्यात शिवला नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. विधवा रडता रडता थांबली आणि डोळे विस्फारून ऐकू लागली. सांत्वनाचा चांगला उपयोग होतोय असं वाटून कर्णिकांना आणखी भरतं आलं.

"आणि बायकोवर काय जीव होता त्याचा," ते डोळे पुसत म्हणाले. "मथुराच्या हातचं असल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, असं रोज म्हणायचा."

अंगणातल्या सगळ्या बायकांच्या माना एकदम वळल्या. कारण विधवेचं नाव होतं सखुबाई. आणि मथुरा तिच्या शेजारीच, तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

सखुबाईने तो हात पाठीवरून काढला आणि मनगटाशी घट्ट धरला. "काय गं मथुरा," तिने विचारलं, "कवापासून जेवू घालतेस?"

मथुरा हात सोडवायला धडपडू लागली. मग ओटीवर जो गलका झाला तो थेट धक्क्यापर्यंत गेला. कोणी मथुराला ओढत होतं, कोणी सखुबाईला आवरत होतं. सखुबाईने तर गेलेल्या नवऱ्याला वर बघून असे शब्द ऐकवले की क्षमाने कानांवर हात ठेवले.

तेवढ्यात स्मशानातून पुरुष परतले. आंघोळ करून ओलेत्याने आलेल्या त्या माणसांत पुढे हरेश्वर होता. केसांतून पाणी गळत होतं, चेहरा पांढराफटक.

कर्णिक दोन पावलं मागे सरले. "हरेश्वर," ते कसेबसे म्हणाले, "तू तर गेलास ना?"

"गेलो होतो," हरेश्वर म्हणाला. "आत्ताच परत आलो."

क्षमा तिथल्या तिथे भोवळ येऊन पडली. तोंडावर पाणी मारून तिला शुद्धीवर आणल्यावर उलगडा झाला. गेला तो थोरला हरेश्वर, धाकट्याचा चुलत चुलता. पहाटे अचानक गेला आणि त्या धावपळीत धाकट्याला जेवणाच्या आमंत्रणाची आठवणच राहिली नव्हती. सखुबाईने मथुराचं मनगट सोडलं, तिला जवळ घेतलं आणि पुन्हा रडू लागली.

कर्णिकांना तोंड कुठे लपवावं कळेना. ते पाय न वाजवता निघाले, तोच सखुबाईने हाक मारली. शिव्या खायच्या तयारीने मान खाली घालून ते तिच्यासमोर उभे राहिले.

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "सायेब, माज्या नवऱ्याला जल्मात कोनी इतकं चांगलं म्हटलं नाय. बाराव्याला सगला गाव येल. तुमीपन या, आन असंच बोला. मथुराचं नाव तेवडं घेऊ नका."