बाबांसाठी तीन पानी भाषण

"मी रडणार नाही, काका. तीन पानं, आठ मिनिटं. आरशासमोर अकरा वेळा म्हटलंय, एकदाही आवाज कापला नाही!" लोर्नाने बाबांचा जुना ट्रक हमरस्त्यावर काढत जाहीर केलं.

"तुझा बाप म्हणायचा, माझ्यामागे भाषणबाजी केलीत तर उठून बसेन!" ड्वेनकाका म्हणाला.

"चाळीस वर्षं त्यांनी गिरणीत लाकडं कापली. चार बरे शब्द तरी नकोत?"

काकाचं लक्ष खिडकीबाहेर होतं. क्रेसेंट सिटी मागे पडली होती आणि त्याच्या बाजूची दरी थेट समुद्रात उतरत होती. खाली लाटा, वर धुकं. दर वळणाला तो दारापासून वीतभर आत सरके. रेडवूडच्या उंच झाडांचं जंगल येईपर्यंत गिअर त्याच्या मांडीखाली गेला होता!

जंगलाच्या तोंडाशी ट्रक थांबला. बाबांचा नियमच होता: पिवळ्या गोगलगाईला जीभ लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. लहानपणी लोर्ना नुसतं नाटक करायची. आज तसं करवेना.

काकाने नेचाखालून केळ्याएवढी बिनशंखाची गोगलगाय उचलली आणि आइस्क्रीमसारखी चाटली.

"काही होतं का रे?"

काकाने दोन्ही हात जोरजोरात हलवले. काही होत नाही म्हणतोय, असं समजून लोर्नाने डोळे मिटले आणि बाबांच्या वाटचंही चाटलं.

मोठ्या झाडाखाली गिरणीतले चाळीस म्हातारे टोप्या काढून उभे होते. लोर्नाने पानं उघडली.

"माझे बाबा..." म्हणायला गेली, तर तोंडातून नुसते बुडबुडे आले! जीभ बधिर होऊन ओल्या मोज्यासारखी लोंबत होती.

"झटका आलाय पोरीला!" व्हर्न ओरडला. तो गावच्या अग्निशमन दलातला स्वयंसेवक. त्याने तिला पालापाचोळ्याच्या गादीवर आडवं केलं. खुलासा करायला काका धावला; त्याच्याही तोंडातून बुडबुडेच!

"दोघांना एकदम? ट्रकचा धूर! हिच्या बापाला, हॅलला किती वेळा सांगितलं, सायलेन्सर बदल म्हणून! सिलिंडर आणा रे!"

दोघांच्या नाकांवर प्राणवायूचे मास्क चढले. लोर्नाने हताश होऊन बोट दाखवलं. व्हर्नच्या बुटावरून एक गोगलगाय सावकाश चढत होती.

व्हर्न बघतच राहिला. "अरे देवा! चाटलंत?"

कुणी हसलं नाही. व्हर्नने ती हलकेच उचलली.

"हॅल दर वर्षी म्हणायचा, एकदा चाट, व्हर्न. मी कधी ऐकलं नाही."

त्याने चाटली. मग शेजारच्याने हात पुढे केला. मग रांगच लागली!

दहा मिनिटांनी त्या झाडाखाली एकालाही धड शब्द बोलता येत नव्हता. लोर्ना पडल्या पडल्याच वर पाहत होती. झाडाचा शेंडा काही दिसेना. भाषणाचं पहिलं पान तिने जीभ पुसायला वापरलं होतं. उरलेल्या दोन पानांनी डोळे पुसले.

परतीच्या वाटेवर काकाची जीभ आधी सुटली. "सांगितलं होतं ना? करू दिलं नाही त्याने भाषण!"

दरी आता लोर्नाच्या बाजूला होती. तरी काका तिला चिकटूनच बसला होता. गिअरवरची मांडी काढ, असं म्हणणार होती ती. पण जीभ अजून जडच आहे, असं तिने ठरवून टाकलं.