परदेशातला पाहुणचार

"हरून आलात, तर मैदानात माझ्या म्हशी सोडीन," हेडमास्तर आबासाहेबांनी निघतानाच बजावलं.

दिनकरराव निजामाच्या राज्यातल्या झरीच्या शाळेचे ड्रिलमास्तर. मैदानातला खडा न् खडा त्यांनी स्वतः वेचलेला. हुतूतूचा संघ घेऊन ते वाशीमला निघाले होते. वाशीम म्हणजे इंग्रजी मुलूख. तिथला रुपया वेगळा, कायदा वेगळा, म्हणजे परदेशच की! सरहद्दीच्या नाक्यावर शिपायानं पोरांचे लाडू फोडून पाहिले, मग खाऊनही पाहिले, तेव्हा तर खात्रीच पटली.

वाशीमला पोचले तर शाळा भरलेली. तिथले लिंबाजी मास्तर हातातल्या खडूसकट बाहेर आले.

"तुमी आजच कसे?"

"सुट्टीच्या दिवशी या, असा निरोप हुता ना तुमचा? मंग आज जुमा न्हाई का?"

"आमची सुट्टी ऐतवारी रायते, भाऊ."

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी, म्हणजे साऱ्या जगाला शुक्रवारीच, असा दिनकररावांचा हिशेब. आता दारी आलेले पाहुणे उपाशी ठेवले तर वाशीमचं नाक जायचं. रविवारपर्यंत घरोघर पुरणपोळ्यांच्या पंगती झडल्या. पोरं आढेवेढे घ्यायला लागली, तसा दिनकररावांनीच दम भरला, "न्हाई म्हनू नका रे. मुलखाच्या इज्जतीचा सवाल हाय."

इज्जत राहिली, सामना गेला. चढाईला गेलेल्या सांबप्पाचा श्वास पहिल्या 'हुतू'लाच संपला.

"काय शिकून आलात परदेशात?" आबासाहेबांनी विचारलं.

"सोसायला शिकलो, सायब. ताटात पडंल ते सोसलं. एक डाव माफ करा, त्यास्नी हितं बोलावतो."

आणि दिनकररावांनी निरोप धाडला, 'सुट्टीच्या दिवशी या.' धाडताना मिशीत हसले.

लिंबाजी मास्तर बिचारे आपल्या हिशेबानं संघ घेऊन रविवारीच आले. शाळा भरलेली! आता शुक्रवारपर्यंत मुक्काम. दिनकररावांना उकळ्या फुटल्या. सांबप्पाची आई मल्लम्मा तुपाचा तांब्या घेऊन सज्जच होती.

पण पाहुण्याला एकट्याला जेवू घालायचं नाही, सोबत बसून घासाला घास लावायचा, ही झरीची रीत. ती दिनकररावांच्या ध्यानातच आली नाही. रोज पाहुण्यांच्या शेजारी आपलाही संघ पंगतीला.

"पुरे की, आई," सांबप्पा गयावया करी.

"खा मुकाट्यानं. तू थांबलास की पाव्हना लाजायलाय," म्हणत मल्लम्मा पोळी वाढी.

शुक्रवारी सारं गाव मैदानाभोवती जमलं. दोन्ही संघ डुलत आले, समोरासमोर उभे राहिले, आणि शिट्टी वाजायच्या आत एकेक करून खाली बसले. एकालाही उठवेना. सांबप्पा तर आडवाच झाला.

"बरोबरीत सुटला म्हना," लिंबाजी मास्तर ढेकर दाबत म्हणाले.

दिनकररावांचा जीव भांड्यात पडला. ते लगबगीनं आबासाहेबांकडं गेले.

"हरलो न्हाई, सायब. मंग मैदान वाचलं म्हनायचं का?"

आबासाहेबांनी मैदानभर पसरलेल्या पोरांवरून एकदा नजर फिरवली.

"म्हशीच सोडतो," ते म्हणाले. "त्या खाऊन उठतात तरी."