उतारावरचे धर्माकाका

धर्माकाका समोरच्याला नमस्कार करत नाहीत. "मरशील!" म्हणतात.

गरम चहा घाईने प्यायलात, मरशील. ओल्या फरशीवरून भरभर चाललात, मरशील. एकदा मी न धुता पेरू खायला घेतला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढला, धुतला, पुसला आणि परत देताना म्हणाले, "आता खा. बी दातात आडकंल, तो वेगळा विषय."

मुरबाडजवळ एका बंगल्याच्या बागेवर मी देखरेख करते. शहापूरहून किन्हवलीमार्गे रोज स्कूटीने येते. तिथली सगळी यंत्रं काकांकडे. साठी उलटलेली, राहायला म्हशाजवळच्या पाड्यात. जनरेटर चालू करताना ते तोंड फिरवून घेतात. पंपाचं बटण काठीने दाबतात. कोणी हसलं की दोन्ही पंजे पसरून दाखवतात. "भितो म्हणून दहा हायत. मोज!"

आमच्याकडे गवत कापायचा एक छोटा ट्रॅक्टर आहे. त्याला गिअर नाहीत, तेलाच्या दाबावर चालतो. पायाखालचं पेडल दाबलं की निघाला. त्याचा ब्रेक झिजलाय, उतारावर नेऊ नका, असं काका आठवडाभर सांगत होते. पण ते कशाबद्दल सांगत नसत? मीही कान बंद केले होते.

त्या दिवशी ट्रॅक्टरचा ड्रायव्हर लग्नाला गेलेला आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. म्हणून मीच ट्रॅक्टरवर बसले. सपाटीचं गवत झालं. मग शेततळ्याच्या वरचा उतार घेतला. निम्मा चढ चढले आणि ट्रॅक्टर थांबला. इंजिन चालू, आवाज नेहमीचा, पण पेडल तळापर्यंत दाबलं तरी चाक हलेना.

आणि मग हललं. मागे.

फार नाही, बोटभर. मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. थांबला. दाब जरा सैल झाला की पुन्हा बोटभर. मागे वळून पाहिलं तर पंधरा हातांवर शेततळं. काठोकाठ पाणी, आणि चारी बाजूंनी काळं प्लास्टिक. त्या प्लास्टिकवरून कुत्रं घसरलं तरी वर येत नाही, हे मी स्वतः पाहिलं होतं.

ड्रायव्हरने एकदा सांगितलेलं आठवलं. ट्रॅक्टर अडला की मागचा दांडा ओढायचा, मग तो ढकलता येतो. मी हात मागे नेला.

"बाय, हात पुढं घे."

काका पंपघराच्या दारात उभे होते. आवाज इतका मऊ की मी आणखीच घाबरले. आज ते "मरशील" म्हणत नव्हते.

"तो दांडा ओढलास तं चाकं मोकली होतील. आता तेलच धरून हाय त्याला, म्हणून हळूहळू सरकतोय. पातं बंद कर. केलास? आता इंजिन. पाय काढू नको. उडी पन मारू नको, चाक अंगावर येल."

बोलत बोलत ते चढून आले. मागच्या दोन्ही चाकांखाली दगड सरकवले. ट्रॅक्टर एका दगडावर टेकला, दगड मातीत रुतला. काकांनी दोर आणला, पुढच्या लोखंडाला बांधला आणि वरच्या ऐनाच्या खोडाला तीन वेढे मारले.

"आता उतर गो. वरच्या बाजूनं."

उतरले आणि तशीच गवतावर बसले. काका पोटावर झोपून खाली डोकावले. "पट्टा निसटलाय. त्याला ताणून धरणारी स्प्रिंग तुटली. इंजिन फिरतंय, पन खाली काय पोचतच नाय."

मग माळ्यांनी जीप आणून वरून दोर ताणून धरला. मागचा दांडा ओढायची वेळ आली तेव्हा काकांनी सगळ्यांना लांब केलं आणि स्वतःच ओढला. बटण काठीने दाबणारा माणूस! ट्रॅक्टर सपाटीवर आला. संध्याकाळपर्यंत नवी स्प्रिंग बसवून, पट्टा चढवून त्यांनी तो चालवूनही दाखवला. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत किल्ली मात्र खिशात घातली.

मी घरी पोचले ती थेट आडवी झाले. साडेसातला विमलताईंचा फोन आला. त्या बंगल्यात स्वयंपाक करतात आणि काकांच्याच पाड्यात राहतात.

"तू पोचल्याचा मिस कॉल दिला नायस काय गो? काका जेवायचा थांबलाय."

"मी का द्यायचा?"

"आमी सगलेच देतो. माली, ड्रायव्हर, मी तं शेजारी राहून देते. नऊ मिस कॉल झाले की मग ताट घेतो तो. तुला सांगायला लाजत होता. बंगल्याचा दिवसाचा वॉचमन तुझ्याच शहापूरचा, रोज त्याच्याकडून तुझी स्कूटी पोचली का विचारून घेतो, आज तो सुट्टीवर."

काकांच्या घरी दुसरं कोणी नाही, हेही मला त्याच दिवशी कळलं.

मी मिस कॉल न देता फोनच लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचले, काका."

"बरं बरं. ठेव."

"तुम्ही पोचलात का नीट?"

पलीकडून खाकरल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"हा," काका म्हणाले. "मी... पोचलो. कवाच पोचलो." मग म्हणाले, "आज वालाची भाजी केलीय."

आणि ती कशी केली, ते पहिल्यापासून सांगायला लागले.