आण्णांचा बोटवाला

चहात साखर आहे असं कळलं की आमच्या गल्लीतले बळवंतआण्णा कप खाली ठेवतात. "साखर न्हाय चालत. गुळाचा असंल तर द्या. आमचा बोटवाला त्या साखरंपायी गेला की!" नवखा माणूस विचारतो, कोण बोटवाला? झालं. मग तासभर त्याची सुटका नाही.

बोटवाला म्हणजे आण्णांच्या खापरपणजोबांचा भाऊ, राणू. दीडशे वर्षांपूर्वी तो हातकणंगल्याकडचं गाव सोडून बोटीनं मॉरिशसला उसाच्या मळ्यात राबायला गेला, असं आण्णांच्या आजीनं सांगितलेलं. दूध संघातून निवृत्त झाल्यापासून आण्णा त्याच्याच मागावर आहेत. मोबाईलवर जुन्या बोटींच्या याद्या वाचतात, तिथल्या दप्तरखान्याला पत्रं धाडतात. पानपट्टीवर अनोळखी माणसाला अडवून विचारतात, "पावणं, तुमच्यातलं कोण बोटीत बसलंय का?"

स्पष्टच सांगतो, मी जळायचो. जन्मभर मास्तरकी केली, कट्ट्यावर लोक माझं ऐकायचे. आता मी तोंड उघडलं की कुणीतरी म्हणतं, "मास्तर, जरा थांबा, आण्णा बोटीचं सांगत्यात." आमच्या घराण्यात समुद्र पाहिलेले एकटे वडील. तेही एकदा गणपतीपुळ्याला गेले आणि पायाला वाळू चिकटते म्हणून दुपारीच परत फिरले.

शेवटी इरेला पेटून मी आमच्या मूळ गावी, नेसरीला फिरतीवर आलेला हेळवी कोल्हापुरात आणवला. पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ वहीत राखणारा हा माणूस. म्हटलं, एखादा सरदार तरी निघेल. गल्ली गोळा झाली, आण्णा पुढंच बसले. हेळव्यानं खणखणीत आवाजात वाचलं, "सटवाजीचा थोरला लेक राणू, परागंदा." म्हणजे घर सोडून पळालेला! आणि नावसुद्धा आण्णांच्याच माणसाचं. कट्टा आठवडाभर हसत होता. एकटे आण्णा हसले नाहीत. मला वाटलं, माझी कीव करतायत. मी आणखीच जळलो.

गेल्या रविवारी सकाळी आण्णा दारात आले. मॉरिशसहून राणूच्या नोंदीचा उतारा आला होता, सोबत फोटोही. मी वाचलं. बापाचं नाव सटवाजी. गाव नेसरी.

"मास्तर, तुमचा हाय ह्यो," आण्णा म्हणाले. "कान बघा की, तुमचंच हाईत."

"आणि तुमचा राणू?"

"दुसरा न्हाय याद्यांत. तीनदा बघितलं."

त्यांनी तो कागद दडवला असता तर कुणाला कळणार होतं? त्यांच्या जागी मी असतो तर दडवलाच असता, खोटं कशाला बोलू. माझी छाती फुगली होती, आणि आण्णा अजून चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभे होते.

"पितृपंधरवड्यात म्हाळ घालणार न्हवं त्येचा?"

"घालणार की. पहिलं पान तुमचं."

"पान नगं, मास्तर. वाढायला बोलवा, घरातल्यागत. ही गेल्यापासनं घरात मी आन् त्यो, दोघंच हुतो."