इंद्रदेवची कायदेशीर नक्कल

"अठरा वर्षं पोर्ट लुईच्या कोर्टात कागद लावतोय. कायदा मला कोणी शिकवू नये!" हे इंद्रदेवचं रोजचं पालुपद. म्हणून चाळिशीत त्याला राक्षस मारायच्या कॉम्प्युटर गेमचं वेड लागलं, तेही कायद्याला धरूनच.

गेम असायचा कॅसेटवर. एक कॅसेट रेकॉर्डरने चावून खाल्ली. दुसरी आणल्यावर त्याने जाहीर केलं, "आधी हिची नक्कल काढणार. अस्सल कपाटात, नक्कल वापरात!"

"पण ही चोरी नाही ना हो?" बायकोने, कुसुमावतीने सहज विचारलं.

झालं! सरकारी नोकरी, तो वकिलांकडे धावला. एका वकिलाने सांगितलं, चालेल. दुसऱ्याने सांगितलं, तुरुंग! तिसरा म्हणाला, "कायदा लिहिला तेव्हा असले राक्षसच नव्हते हो. विकू नका, आणि माझं नाव कुठे घेऊ नका."

इकडे घरात वेगळीच तयारी चालली होती. त्याचे बाबा फेब्रुवारीत गेले. चाळीस वर्षं गावच्या गणपतीत झाकरीचा गोल नाच व्हायचा तो त्यांच्याच गाण्यावर. यंदा म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पण त्यांचं गेल्या वर्षीचं गाणं आईने कॅसेटवर धरून ठेवलं होतं. तेच लावायचं, असं सगळ्या गावाने ठरवलं.

गणपतीच्या आदल्या रविवारी इंद्रदेवने स्टँप पेपरवर लिहून दिलं, की ही नक्कल मी विकणार नाही. कोणाला लिहून दिलं? देवाला ठाऊक! मग खण उघडून बिननावाची कोरी कॅसेट काढली आणि दोन्ही बाजू भरून आठ प्रती उतरवल्या. एखादी बिघडली तर? खबरदारी हो! मग कॅसेट परत खणात.

चतुर्थीला मांडवात माणसांनी गोल धरला. त्याच्या आईने, भगवतीआईने पदराखालून कॅसेट काढून दिली. बटण दाबलं.

किर्रर्र! चींऽऽ!

"मशीन तापतंय," म्हातारे हरिप्रसादकाका म्हणाले आणि त्या किंचाळीवर झांज धरायला लागले! दोघे-तिघे नाचलेसुद्धा. इंद्रदेवने मात्र गेमच्या कॅसेटचा आवाज ओळखला. त्याने कॅसेट पुढे पळवली, उलटी केली. इथूनतिथून राक्षसच!

"आयो! आई, यावर नाव का नाही लिहिलंस?"

"त्यांचं नाव मी जन्मात घेतलं नाही रे. लिहू कशी?" म्हातारी म्हणाली. "लाव ना आता त्यांचं गाणं."

कोणाला तिच्याकडे बघवेना. इंद्रदेव बहिणीकडे धावला.

"अनुसया, तू घेतली असशील उतरवून! चोरून घेतली असलीस तरी चालेल गं!"

अनुसया रडतच होती.

"मागितली होती, दादा. तूच म्हणालास, गाणाऱ्याची लेखी परवानगी आण. कागद घेऊन हॉस्पिटलात गेले मी. बाबांना पेन धरवेना."