सिनेमातल्या लग्नाचं आवतण

माझी आत्या सिनेमातल्या गर्दीला आवतण देते. कुंकवाचा करंडा घेऊन, घरोघरी जाऊन.

पडद्यावर हिरो-हिरॉइनच्या मागं जी माणसं बाजार करतात, एसटीची वाट बघतात, ती कुणीतरी गोळा करून आणावी लागतात. लातूर-नांदेडकडे शूटिंग असलं की हे काम सुमनआत्याकडे येतं. बाकीचे लोक व्हॉट्सॲपवर निरोप टाकून मोकळे होतात. आत्या मात्र निलंग्यातल्या गल्लीगल्लीत जाते, बायकांच्या कपाळाला बोट टेकवते आणि सांगते, "मुरूडला कार्य हाय. घरच्या समद्यांनी यायचं." गर्दी हा शब्द तिला चालत नाही. ती त्यांना पाव्हणे म्हणते.

मी तिच्या मागं जीपमध्ये बसलेली असते. मी दिग्दर्शकाची असिस्टंट, चौथ्या नंबरची. या पाव्हण्यांची जबाबदारी कागदोपत्री माझी आहे. पण नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकल्यामुळं म्हणा, नाहीतर स्वभावामुळं, चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. भोंगा माझ्या हातात असतो आणि बोलते आत्या.

तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. विधवा बाईनं कुंकू लावत हिंडावं, हे सुरुवातीला गल्लीला पचलं नव्हतं. एका सासूबाईंनी तर कपाळच मागं घेतलं. आत्यानं बोट तसंच हवेत धरून ठेवलं आणि ती म्हणाली, "सिनेमाचं कार्य हाय, काकू. हितं यजमानीण मीच." आता त्याच सासूबाई, पुढचं शूटिंग कधी आहे, म्हणून फोन करतात.

आवतण दिल्यावर माणसं रीतीनंच वागणार. एकदा अंत्ययात्रेचा सीन होता. बायका अशा रडल्या की कॅमेरामनसुद्धा डोळे पुसत होता. सीन झाला, जेवण मांडलं, पण पत्रावळीला कुणी हात लावेना. मयतीला जाऊन आलेली माणसं आंघोळीशिवाय जेवणार कशी? प्रॉडक्शन मॅनेजरनं बोट दाखवून सांगितलं की, मेलेला माणूस तिथं खुर्चीत बसून चहा पितोय. आत्या म्हणाली, "त्यो जिता हाय, दिसतंय की आमाला. पर आमी मयतीला आलतो." शेवटी पाण्याचा टँकर मागवला. त्या दिवशी दुपारी आम्ही बाजाराचा सीन केला. त्यात बाजारातल्या एकूण एक बाईचे केस ओले आहेत.

मला हे सगळं सांगताना हसू येतं, पण त्याहून जास्त अभिमान वाटतो. आत्याचा पाव्हणा कधी कॅमेऱ्यात बघून हसत नाही. तो खरोखरच तिथं आलेला असतो.

लातूरकडच्या त्या मुरूडजवळ लग्नाचा सीन होता तेव्हा पाव्हणे आहेर घेऊन आले. ब्लाउजपीस, नारळ, स्टीलचे डबे. नवरीच्या आईचं काम करणाऱ्या मुंबईच्या नटीसमोर रांग लागली. ती बिचारी दोन्ही हातांनी घेत राहिली आणि सगळ्यांना थँक्यू म्हणत राहिली. मग अक्षतांसाठी माणसं उभी करायची वेळ आली. आत्यानं अगदी पुढं, नवरीच्या हाताला लागूनच, सात-आठ बायका उभ्या केल्या. सगळ्यांची कपाळं मोकळी होती.

कपडेपट बघणाऱ्या मॅडम धावत आल्या. या बायकांना टिकल्या लावा, नाहीतर मागं न्या, असं त्यांचं म्हणणं. आत्या म्हणाली, टिकलीची हौस असेल ती लावील, पण जागा हीच. गोष्ट दिग्दर्शकांपर्यंत गेली. ते आत्याला मावशी म्हणतात. त्यांनी समजावून सांगितलं की गावाकडच्या लग्नात विधवा बायका अशा पुढं नसतात. लोक म्हणतील, सिनेमावाल्यांना काही माहीत नाही.

बायका आपल्या आपणच मागं सरकायला लागल्या होत्या. त्यांना त्याची सवय होती.

"खऱ्या लग्नात कुनी हुभं करीत न्हाई," आत्या म्हणाली, "म्हनून तर हितं केल्या. ह्यास्नी आवतण मी दिलंय. मागं धाडायचं आसल तर मी बी जाते."

दिग्दर्शकांनी त्या बायकांकडे बघितलं. मग कॅमेरा थोडा डावीकडे घ्यायला सांगितला, म्हणजे सगळ्या नीट दिसतील. कोंडाबाई नावाच्या म्हातारीनं आत्याचा दंड धरून तिलाही ओळीत ओढलं. आत्या नेहमी कॅमेऱ्याच्या मागं असते. त्या दिवशी पहिल्यांदा ती पुढं उभी राहिली.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, दिग्दर्शक ओके म्हणाले. लाइटवाले तारा गुंडाळायला लागले. आत्या पदर सावरत माझ्याजवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, "आजून एकदा घेता येतं का गं?"

मी म्हटलं, "ओके झालंय, आत्या. छान झालंय."

"ज्योतीच्या लग्नात मी कोठी बघत होते," ती म्हणाली. ज्योती तिची एकुलती एक मुलगी. "तेलाचा डबा काढून देत व्हते. भाईर बँड वाजला, तवा कळलं, लगीन लागलं म्हनून."

त्या लग्नात मी होते. फ्रॉक घालून पहिल्या रांगेत उभी होते, मुठीत अक्षता होत्या. आत्या कुठं आहे, असा प्रश्न मला पडल्याचं आठवत नाही.

मी भोंगा तोंडाशी नेला. "सर, वन मोर," माझा आवाज मांडवभर गेला. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. दिग्दर्शकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "अक्षता नीट पडल्या नाहीत, सर."

तारा पुन्हा सोडल्या. या वेळी सगळ्यांनी अक्षता टाकल्या, बँड सुरू झाला, तरी आत्याची मूठ बंदच होती. ती त्या परक्या नवरीकडे बघत होती. मग तिनं हात वर नेला आणि नवरीच्या डोक्यावर सावकाश, थोड्या थोड्या करून, मूठ रिकामी केली. दिग्दर्शकांनी ती पूर्ण रिकामी होऊ दिली. मगच कट म्हणाले.