तुळईतील ध्वनीच्या विलंबाबाबत

वेळेवर पोचणे हा चारित्र्याचा भाग आहे, आणि ध्वनीही त्याला अपवाद नाही. कोरड्या लाकडातून तो तीरासारखा जातो. ओल्या लाकडातून, चिखलात चपला सांभाळत जावे तसा.

लाकूड तपासणी कार्यालयातल्या तपासनीस बाईंचे काम या एवढ्यावरच चाले. तुळईच्या एका टोकाला हातोडी मारायची, दुसऱ्या टोकाला यंत्र लावून वेळ मोजायचा. पाच मीटरच्या तुळईला मर्यादा एक मिलिसेकंद. सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या सज्जासाठी आलेल्या बारापैकी अकरा तुळयांनी एक पूर्णांक तीन दशांश घेतले. (बारावीने एक पूर्णांक चार दशांश. तिच्यावर अळंबी उगवली होती.) बाईंनी शेरा मारला: तुळया ओल्या आहेत, भाराखाली वाळल्या तर वाकतील, आठ महिने थांबावे.

प्रकरण समितीकडे गेले. अकराची बैठक पावणेबाराला सुरू झाल्याने उशिरा येणाऱ्यांविषयी सदस्यांना मुळातच सहानुभूती होती. त्यांनी छापील नमुना बारकाईने पाहिला. त्यात वेळेचा रकाना होता, अंतराचा नव्हता. सबब ध्वनीला सबंध तुळई तुडवायला लावणे नियमबाह्य ठरले आणि यंत्र तुळईच्या मध्यावर आणण्यात आले. नवा आकडा निम्मा भरला: कार्यालयाच्या इतिहासातले सर्वांत कोरडे लाकूड. (अळंबीबद्दल पुरवठादाराकडून जादा आकार घेतला गेला नाही, याची नोंद घ्यावी.)

साहेबांनी बाईंना बोलावले.

"आवाज पोचला ना?"

"पोचला. पण अर्ध्यातच."

"अहो बाई, इथे फाईल तेवढीही जात नाही. करा सही."

बाईंनी विचार करायला एक दिवस मागून घेतला. घरी वडिलांनी अबोला धरला होता. सज्जा तातडीने उघडावा या अर्जावर चारशे वाचकांच्या सह्या होत्या, त्यात पहिली त्यांची. जेवताना अखेर ते बोलले, "तू बस टकटक करत. आम्ही म्हातारी माणसं उभ्याने पेपर वाचू."

"बाबा, तो सज्जा तुमच्यासकट खाली येईल."

"येऊ दे. तोवर बसायला तर मिळेल."

बाईंनी सही केली नाही. साहेबांनी 'तपासनीसांकरिता' असे लिहून स्वतःची केली, आणि सज्जा उघडला. तुळया वाळत गेल्या तसतसे त्यांना पोट सुटले. वाचक खुर्च्यांसकट आपोआप मध्यभागी सरकू लागले. त्यामुळे वाचकांमध्ये एकोपा वाढला, असे वार्षिक अहवालात म्हटले आहे.

'एका वेळी सहा जणांनीच बसावे' ही बाईंनी लावलेली सूचना कोणी वाचेना. सूचना न वाचणारे लोक गोष्ट मात्र शेवटपर्यंत वाचतात, असे आढळल्यावरून त्यांनी हा वृत्तान्त टाइप करून सज्जातल्या मधल्या टेबलावर ठेवला आहे.

इथवर आलात, तेव्हा आपण कुठे बसला आहात हे वेगळे सांगायला नको. उठायचे असेल तर एकेकाने, आणि हळू. शेजारी पेपर वाचणाऱ्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनाही उठवून पाहा. ते लेकीचे ऐकत नाहीत. पण आपले कदाचित ऐकतील. अर्जावर त्यांच्या खालची सही आपलीच आहे.